बर्फावर लावलेला पट्टा

तापल्या दगडांवर डावभर पाणी टाक रे, वाफ कमी झाली, सौना गार पडला. दिवा राहू दे बंद. ही गोष्ट माझ्या देखत घडलेली नाही, पण ज्याच्यावर गुदरली त्या एंदेलबरोबर मी बारा हिवाळे काढलेत. समुद्र गोठला की आपल्या बेटावरून पलीकडे जो रस्ता बर्फावर सुरू होतो, त्याचा तो राखणदार. नाकासमोर चालणारा माणूस. सूर्य मावळला की फाटक बंद. सख्ख्या मेव्हण्यालाही कधी सोडलं नाही.

२०११ सालची अठरा फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री साडेनऊला तो धुरी दिलेले मासे द्यायला मुलीकडे गेला. हेल्वी त्याची एकुलती एक. ती रायडो नावाच्या माणसाबरोबर राहायची आणि तो तिला मारायचा. गावाला ठाऊक होतं. आम्ही सगळे गप्प बसलो, त्याची मला अजून लाज वाटते.

दार उघडंच होतं. हेल्वी चुलीपाशी उभी, ओठ फाटलेला, हातात सळई. रायडो जमिनीवर.

“मी एकदाच मारलं, बाबा.”

एंदेलने नाडी पाहिली. लागली नाही.

“पोलिसांना बोलावू?”

“तुला आत टाकतील. फरशी पूस आणि कडी लाव. हा दारू पिऊन एकटाच गाडी घेऊन बर्फावर गेला, एवढंच तुला माहीत.”

रायडोला त्याच्याच गाडीत शेजारच्या जागेवर बसवून एंदेल निघाला. फाटकाची किल्ली त्याच्याच खिशात. सापडला असता तर नोकरी, अब्रू, उरलेलं आयुष्य, सगळं पाण्यात. पण पोटच्या पोरीपुढे ते कोण मोजत बसतो?

किनाऱ्यापासून सात किलोमीटरवर, रस्त्याच्या खुणेला रोवलेल्या फांद्या सोडून उजवीकडे गेलं की प्रवाहामुळे बर्फ पातळ असतो. तिथे रायडोला स्टिअरिंगमागे सरकवायचं आणि गाडी सोडून द्यायची, असा बेत. वाटेत त्याचं डोकं सारखं एंदेलच्या खांद्यावर येई. वैतागून त्याने रायडोला सीटबेल्टचा पट्टा बांधला.

मग त्याचं लक्ष काचेकडे गेलं.

रायडोच्या बाजूची काच. आतून धूसर. श्वासाने होते तशी.

त्याने गाडी थांबवली. मानेला हात लावला. गार... बर्फासारखी गार. काच पुसली.

पुन्हा धूसर झाली.

परत फिरता आलं असतं. पण हा जिवंत असला तर हेल्वीकडेच परत जाणार... एंदेल पुढे निघाला. मला हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्याला हात लावायचा धीर पुन्हा झालाच नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडून एंदेलने उडी मारली. बर्फ कडाडला. दिवे पाण्याखाली थोडा वेळ पेटलेले दिसले. मग तेही नाहीत.

आणि तेव्हा त्याला आठवलं. पट्टा. बर्फ फुटला तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून या रस्त्यावर कोणी पट्टा लावत नाही. तो स्वतः रोज फाटकावर ओरडून सोडायला लावायचा. आता गाडीत शेजारच्या जागेवर बांधलेला माणूस, आणि चालवणारा गायब. पाणबुडे काढतील तेव्हा शेंबड्या पोरालाही कळेल. तो सात किलोमीटर चालला, एकच घोकत... मीच मारला म्हणून सांगायचं.

पावणेतीनला हेल्वीने कडी काढली.

“हळू बोला, बाबा. तो झोपलाय.”

“कोण...?”

“तुमच्या आधीच आला. थंडी वाजतेय म्हणाला.”

एंदेल आतल्या खोलीत गेला. पलंग रिकामा. पांघरूण उशीपर्यंत ओढलेलं. अंथरूण ओलंचिंब. त्याने बोट जिभेला लावलं. खारट.

तिसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी गाडी बाहेर काढली. पट्टा लावलेला. आत कोणी नाही. प्रेतच नाही, तर खून कुठला? हेल्वी सुटली.

सुटली म्हणायचं. एंदेलने तिला आपल्या घरी आणलं, नवा पलंग केला. एंदेल वारला त्या वर्षी मी तिला भेटायला गेलो. जुलै महिना, खोलीत चूलही पेटलेली, मला घाम फुटलेला.

“बसा ना काका,” ती म्हणाली. “तो उठेलच आता.”

पलंगावर दोन उशा. दुसरीत डोक्याएवढा खळगा, भोवती मिठाचा पांढरा थर. मी बोट लावलं. खळग्यात बर्फाचा पापुद्रा होता.