मागच्या खोलीतला टीव्ही

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटत नसेल तर त्याने खुशाल इथेच थांबावं.

यादव माझा मावसभाऊ. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. उलट महासंशयी माणूस! किलोभर साखर आणली तरी घरी परत तोलून बघणार.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. रविवार. भर दुपार. पंचवटीतलं एक मंगल कार्यालय, मुहूर्त बारा पस्तीसचा.

जयराम लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचा आणि यादव त्याची वायरिंग बघायचा. लग्न होतं लताबाईंच्या सुमनचं. मखमलाबादकडे त्यांचा भाजीचा मळा, आणि सुमन एकुलती एक. नवरदेव इगतपुरीचा, पक्क्या नोकरीतला. बिजवर होता. पण पहिली बायको काविळीने गेली हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. लपवाछपवी नाही म्हणून सगळे खूश.

मुलीच्या आईने मंगलाष्टकं बघायची नसतात. ती मागच्या खोलीत तुळशीपुढे बसते. पण लताबाईंचे दीर मोठे हौशी.

"वहिनी, डोळ्यानं बघायचं नाय ना? मग टीव्हीत बघा की! त्याला कुठल्या शास्त्रानं अडवलंय?"

झालं! हॉलमधल्या कॅमेऱ्यापासून मागच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत केबल टाकायचं काम यादवकडे आलं.

त्याने चांगली लांब, नवी काळी केबल निवडली. टीव्ही लावला. चित्र लख्ख आलं. स्टेजवर नवरदेव खुर्चीत बसला होता.

आणि त्याच्या मागे, खांबाजवळ... एक बाई.

हिरवी साडी. पदर डाव्या गालावर ओढलेला.

असेल कुणी करवली, म्हणून यादवने लक्ष दिलं नाही. पण पाच मिनिटं झाली तरी ती हलेना. पापणीसुद्धा नाही.

तो हॉलमध्ये गेला.

खांबाजवळ कुणीच नव्हतं.

"जयराम, त्या खांबापाशी बाई उभी होती ना?"

जयरामने कॅमेऱ्यातून डोळा काढला. "सकाळपासून मी हेच बघतोय. कसली बाई? ऊन लागलं का तुला?"

यादव परत आला. टीव्हीत ती होतीच.

आता त्याचा संशय जागा झाला. रविवारचा कार्यक्रम मध्ये घुसतोय का? त्याने अँटेना काढली. बाई तिथेच. कुणी वाटेत दुसरं मशीन जोडून जुनी कॅसेट लावली असेल का? लग्न मोडायला टपलेले लोक कमी नसतात. त्याने अख्खी केबल हातातून सरकवत तपासली. कुठे जोड नाही, कुठे कापलेली नाही.

म्हणून त्याने केबलच बदलली. जुनी, करड्या रंगाची टाकली.

चित्र आलं...

ती आता नवरदेवाच्या खुर्चीमागे होती.

तेवढ्यात नवरदेवाची आई दारात आली. "कशाला ही थेरं? आईनं बघायचं नसतं. बंद करा ते!"

असं बोलली, पण टीव्हीकडे नजर टाकायला तयार नव्हती. यादवला ते खटकलं.

ती गेल्यावर त्याने शेवटचा उपाय केला. दोन छोट्या केबल एकमेकींना जोडून तिसरी लाईन ओढली. हॉलमध्ये अंतरपाट धरला गेला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

चित्र आलं...

ती अंतरपाटाच्या अलीकडे होती. सुमनच्या समोर, अगदी हातभरावर. आणि मान हलवत होती.

नको... नको... नको...

टीव्ही बंद करावा? कुणाला कळलं नसतं. यादव सांगतो, त्याचा हात बटणापर्यंत गेला होता. मग त्याने लताबाईंकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या, तुळशीपुढे हात जोडून, रडत होत्या.

"मावशी, जरा वळून बघता का?"

"नगं रे भाऊ. आईनं बघू नाय."

"मावशी, पाया पडतो. बघा!"

लताबाई वळल्या.

त्याच क्षणी टीव्हीतल्या बाईने पदर बाजूला केला. डावा गाल... गाल नव्हताच तिथे. जळून काळं झालेलं मांस होतं.

लताबाई बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिल्या, एकदा मान डोलावली आणि थेट हॉलमध्ये धावल्या. अक्षता उडत होत्या. त्यांनी अंतरपाट हातात धरला आणि नवरदेवाला विचारलं, "तुझ्या पहिलीचा डावा गाल कशानं जळाला?"

"स्टोव्ह भडकला होता..." तो बोलून गेला.

"कसला गाल? कावीळ झाली व्हती तिला!" त्याची आई त्याच दमात म्हणाली.

भोंगा चालू होता. दोन्ही उत्तरं साऱ्या हॉलने ऐकली.

लग्न तिथंच मोडलं.

संध्याकाळी यादव केबल गुंडाळत होता. लताबाई जवळ येऊन बसल्या.

"भाऊ, ती काय बोलली ते ऐकलंस ना?"

यादवने मान हलवली. त्याने काही ऐकलं नव्हतं.

"म्हनली, 'काकू, माझी आई पाठ करूनच बसली व्हती.'"

त्या टीव्हीला आवाजाची वायर वेगळी लागायची. ती त्याने जोडलीच नव्हती.

जयरामने नंतर कॅसेट तीनदा चालवून बघितली. नवरदेव, सुमन, भटजी, अक्षता. दुसरं कुणी नाही.

पुढच्या वर्षी त्या माणसाचं लग्न झालं म्हणे, कुठल्याशा लांबच्या गावात. यादवला कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. त्या लग्नात व्हिडिओ नव्हता.

त्या दुसऱ्या लग्नातल्या पोरीचं पुढे काय झालं, हे मी यादवला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो जेवणाचं ताट तसंच टाकून उठला.

मी आता विचारत नाही.