अष्टिम्कीचे टिळे

नेत्राला, म्हणजे माझ्या बायकोला, दर महिन्याला एक संस्कृती सापडते. ऑगस्टमध्ये थारू सापडले. नेपाळच्या तराईतले हे लोक जन्माष्टमीला भिंतीवर अष्टिम्की नावाचं चित्र काढून पुजतात, हे तिला कुठल्याशा रीलवरून कळलं आणि आमच्या नेपरव्हिलच्या डायनिंग रूमची भिंत कामाला लागली. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही लागत नाही.

चित्र काढायला फूलमती चौधरी आल्या. मूळच्या नेपाळमधल्या दांगच्या थारू, आता इथे मुलाकडे राहणाऱ्या. दुपारपर्यंत त्यांनी ओळीने माणसं उभी केली, लाल-काळी, मोठ्या डोळ्यांची, आणि त्यांच्या पायाशी नदीतले मासे. जाताना म्हणाल्या, "जो दिनभर उपास रखेगी, वही टीका लगाएगी. सबको. जिसको टीका लगा, वही खाएगा. नहीं तो ये लोग भूखे बैठे रहेंगे."

नेत्राचा उपास अकरालाच कॉफी आणि क्रोसाँवर सुटला होता. संध्याकाळी मैत्रिणी जमल्या. तिने चित्रातल्या पहिल्या माणसाला कुंकू लावलं, फोटो काढला आणि बसली.

"बाकीच्यांचं काय?" मी विचारलं.

"यार, तू कर ना. मी स्टोरी अपलोड करतेय."

मी व्हाइटबोर्डचा लाल मार्कर आणला आणि फटाफट ठिपके दिले. देव म्हणे. उरलेला एक ठिपका आमच्या सहा वर्षांच्या सियाच्या कपाळावर दिला. ती हसली.

सकाळी भिंतीवर ना कुंकू होतं, ना एकही ठिपका. पुसल्याची खूणही नाही. सियाचा मात्र साबणाने घासूनही गेला नाही.

त्या दिवसापासून तिने जेवण सोडलं. ना पोळी, ना पास्ता. "नॉट हंग्री, बाबा." शाळेतून डबा भरलेलाच परत यायचा. तिसऱ्या दिवशी मी घाबरलो आणि फूलमतींना बोलावलं.

त्यांनी भिंत पाहिली, सियाचं कपाळ पाहिलं. "उपास कौन रखा था?"

नेत्रा माझ्याकडे बघू लागली, मी चहा टाकायला वळलो.

त्या चहालाही थांबल्या नाहीत.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सियाचं वजन केलं. मुलीच्या पोटात तीन दिवस अन्न नाही म्हटल्यावर, मी एरवी नेत्राकडे बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीपेक्षा वजन तीन पाउंडांनी वाढलं होतं.

आज सकाळी तिचे दात घासताना मी विचारलं, "सिया, खरं सांग. काय खातेस?"

"आय ऑलरेडी एट."

"कुठे?"

तिने आ केला. दाढेत काहीतरी अडकलं होतं. मी चिमट्याने काढलं.

माशाचा काटा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

काट्यावरची हळद अजून ओली होती.