गाना म्हणजे गाणं नव्हे

डोळे तपासायला आलेला माणूस तक्ता सोडून तपासणाऱ्या बाईकडेच बघत होता.

“मास्तर, अक्षरं भिंतीवर आहेत,” ती म्हणाली.

“हो... पण ती धूसर दिसतात.”

तो समोरच्या भाषावर्गात स्पॅनिश शिकवायचा. जवळचा नंबर काढायला तिनं त्याचंच पुस्तक उघडलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. “वाचा.”

“गाना.”

“म्हणजे गाणं?”

“नाही हो! भाववाचक नाम. इच्छा... छे, इच्छा फार गुणी वाटते. हुक्की! आपण म्हणतो ना, मला हुक्की आली? तसंच त्यांचं — ‘मे दा ला गाना.’ कुणी कारण विचारलं की एवढंच सांगायचं. मात्र जपून, उद्धट आहे. भांडायची तयारी असेल तिथंच वापरा.”

चष्मा एका भेटीत होण्यासारखा होता. सात भेटी लागल्या. कधी दांडी सैल, कधी नाकावर रुततोय... दांडी सैल करतं कोण, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

सातव्या भेटीत दुकानाच्या मालकाचे, म्हणजे तिच्या दादाचे, डोळे उघडले. बहिणीनं खिडकी उघडली तरी दादाला कारण लागे, आणि तिनंही एकतीस वर्षं ते बिनतक्रार पुरवलं होतं.

“चार वर्षांनी लहान आहे तो तुझ्याहून! उद्यापासून काउंटरवर नको, मागं काचा घासायला बस. एवढं काय आहे त्याच्यात? एक कारण सांग. पटलं तर बघू.”

कारणं होती तिच्याकडे. पण एक दिलं की दादा ते खोडणार, मग दुसरं मागणार... त्या खेळात तो कधी हरला नव्हता.

“मे दा ला गाना.”

“काय?”

“माझी हुक्की, दादा. तुला पटायचा प्रश्नच नाही. आणि काउंटर मी सोडत नाही.”

दादानं तोंड उघडलं, पण खोडायला हाती काही लागेना. पाय आपटत आत गेला.

ती तडक रस्ता ओलांडून वर्गाच्या दारात.

“मास्तर, शब्द वापरला.”

“कुणावर?”

“दादावर. तुमच्यासाठी.”

खडू फळ्यावरच थबकला. कान लाल. “माझ्यासाठी... का?”

बारा विद्यार्थ्यांनी वह्या मिटल्या.

“तुम्हाला कारण सांगते. एवढा शब्द समजावलात, पण एकदाही ‘समजलं का?’ विचारलं नाहीत. समजलंच असणार, असं धरून चाललात. आता तुमचं काय ते बोला, नाहीतर मी जाते.”

“तुमचं नको,” तो म्हणाला, “तुझं म्हण. आणि... जाऊ नकोस.”