पलीकडच्या वाडीची हजेरी

हरिहर मास्तरांच्या हातात बारा महिने छत्री असे. तिची एक काडी मोडली होती, ती प्रमोदिनीबाईंनी पांढऱ्या दोऱ्याने बांधून दिली होती. काळा दोरा त्या दिवशी घरात नव्हता, आणि मास्तरांचं त्यावाचून काही अडलंही नाही. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. कल्याणला पारनाक्याजवळच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहत.

१९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका चर्चची मंडळी तीन आठवड्यांसाठी इकडे आली. रोज एका गावी जायचं, मुलांचे डोळे तपासायचे, दूध पाजायचं, चित्रं दाखवून गोष्ट सांगायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. खडवलीच्या नदीपलीकडच्या वाडीसाठी त्यांना दुभाषा हवा होता. मास्तरांची अकरा वर्षं खडवलीच्या शाळेत गेली होती, म्हणून कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं.

गाडीत मिस हॉवर्ड नावाच्या नर्सबाईंनी कामाची रीत समजावून सांगितली. डोळ्यांत औषध घातलं की त्या मुलाच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर जांभळ्या औषधाचा ठिपका लावायचा. म्हणजे एकाच मुलाला दोनदा औषध जात नाही.

"आणि मी ‘मी’ म्हटलं की तुम्हीही ‘मी’च म्हणा," त्या म्हणाल्या. "‘बाई असं सांगतात’ म्हणत बसलं की फार वेळ जातो."

मास्तरांना ते पटलं. शिकवताना त्यांनाही फापटपसारा आवडत नसे.

नदीला गुडघ्याइतकं पाणी होतं. बाई, त्यांच्याबरोबरचे दोन साहेब आणि मास्तर असे चौघे पलीकडे उतरले. तिथल्या ओल्या वाळूत बुटांचे ठसे होते, वाडीकडे गेलेले आणि परत आलेले. एका ओळीच्या उजव्या अंगाला, दर दोन पावलांवर, बोटभर खोल एकेक भोक होतं. आपल्या आधी इथून कुणी छत्री टेकत गेलेलं दिसतं, एवढंच मास्तरांच्या मनात आलं. मग त्यांनीही छत्री टेकली आणि चालू लागले.

वाडीत कुणी कुतूहलाने गोळा झालं नाही. गोरी माणसं दिसली की पोरं आधी पळतात आणि मग पाठीमागे येतात, हे मास्तरांनी आयुष्यभर पाहिलं होतं. इथे पोरं आंब्याखाली आधीच रांगेत बसली होती.

काळुराम नावाचा म्हातारा बिडी ओढत होता. "काय इसरलं का, मास्तर?" त्याने विचारलं.

"काय विसरायचं? आत्ता तर येतोय."

काळुराम हसला. "तुमी पण ना. म्हातारपन आलं."

मिस हॉवर्डना मुलांची नावं हवी होती. एका पोरीने ती घडाघडा सांगितली. मास्तरांनी वही काढून ती लिहून घेतली आणि जुन्या सवयीने हजेरी घेतली. नावातलं शेवटचं अक्षर किंचित लांबवायची त्यांची लकब होती. "दगडूऽ."

"हजर."

"पोपटऽ."

"हजर."

चौथ्या नावाला मास्तरांची पेन्सिल थांबली. वाडीत शाळा नव्हती. नदी ओलांडून खडवलीला यांतलं एकही पोर जात नव्हतं. ‘हजर’ म्हणायचं असतं हे यांना कुणी शिकवलं?

बाईंनी पहिल्या मुलाची हनुवटी वर केली, पापणी ओढून पाहिली आणि मग त्याचा हात हातात घेतला. डाव्या अंगठ्याचं नख जांभळं होतं.

दुसऱ्याचंही होतं. मास्तर रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेले. सगळ्यांची तशीच होती. औषधाची बाटली मात्र बाईंच्या पेटीत होती आणि तिच्या बुचावरचं लाखेचं सील अजून फुटलं नव्हतं.

"दुसऱ्या कुठल्या मिशनचे लोक येऊन गेले असतील," मास्तर इंग्रजीत म्हणाले. बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी दुधाची भुकटी कालवायला सांगितलं आणि कापडी फळ्यावर मेंढपाळाचं चित्र चिकटवलं. पुढचं चित्र पेटीतून बाहेर यायच्या आत दगडू म्हणाला, "कोकरू काट्यांत अडकलंय."

ते चित्र खरंच कोकराचं होतं. मास्तरांनी दगडूचं बोलणं बाईंना सांगितलं आणि बाईंचं मुलांना सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. ऊन पाठीवर येत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर पडतंय असं त्यांना वाटत होतं.

दुधाची पातेली रिकामी झाली तेव्हा मालन आली. ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. पोरीच्या जातीने रोज नदी ओलांडून शाळेत येणारी वाडीतली ती एकटीच होती. पाटीवर तिला ‘ळ’ कधी जमला नाही, म्हणून मास्तर शाळा सुटल्यावर तिचा हात धरून गिरवून घेत.

"मास्तर, शीला कवा येल?"

"कोण शीला?"

मालनने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "माझी पोर. डोळा सुजलाय म्हनून सकाळी नेलीत ना. कल्यानला दवाखान्यात."

"कुणी नेली?"

"ह्या बाई बोलल्या आन् तुमी आमाला सांगितलंत. ‘मी हिला नेतो, सांजच्याला आणून सोडतो.’ मी नायच म्हनत होते. तुमी बोललात म्हनून दिली. नायतर गोऱ्यांच्या हाती पोर कोन देतंय?"

"किती वाजता, मालन?"

"दिस उगवताना."

दिवस उगवताना मास्तर पारनाक्याच्या घरात चहा पीत होते. समोर प्रमोदिनीबाई बसल्या होत्या.

"काय म्हणतेय ती?" मिस हॉवर्डनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. काय सांगायचं ते त्यांना नीट माहीत होतं. शब्दही तयार होते.

"आभार मानतेय," ते म्हणाले.

बाईंनी हसून मालनचे हात हातात घेतले. मालनने ते सोडवून घेतले आणि पुन्हा मास्तरांकडे पाहिलं. आजपर्यंत मास्तर तिला चुकीचं काही बोलले नव्हते.

"मी तिला संध्याकाळी आणून सोडतो," मास्तर म्हणाले. त्या दिवसभरात हा एवढाच ‘मी’ त्यांचा स्वतःचा होता.

परतीच्या वाटेवर ते मागे राहिले. नदीकाठच्या वाळूत सकाळचे ठसे अजून होते. या वेळी त्यांनी वाकून पाहिलं. परत गेलेल्या ठशांत छत्रीच्या भोकांशेजारी लहान अनवाणी पावलं होती. त्यांनी आपली छत्री एका भोकात घातली. ती बरोबर बसली.

कल्याणला उतरल्यावर ते मंडळींचा निरोप घेऊन तडक दवाखान्यात गेले. डोळा सुजलेली, शीला नावाची मुलगी तिथे आली नव्हती. शिपायाने वही दोनदा पाहून सांगितलं.

दिवस कलला होता. खडवलीची गाडी पाऊण तासाने होती. मालन नदीकाठी येऊन उभी राहिली असेल. मास्तर घराकडे वळले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

दार उघडंच होतं. प्रमोदिनीबाई कंदिलाची काच पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"अहो, पुढच्या दाराने कसे आलात? आत्ताच तर मागे पाय धुवायला गेलात."

मास्तर आत गेले.

आतल्या खोलीत चटईवर एक मुलगी बसली होती. उजव्या डोळ्यावर स्वच्छ पट्टी होती. डाव्या अंगठ्याचं नख जांभळं होतं.

"शीला," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "चल बाळ. आई वाट बघतेय."

मुलगी हलली नाही.

"तुमच्यासंगं जायचं नाय. मास्तरांनी सांगितलंय."

"कुठल्या मास्तरांनी?"

तिने मागच्या दाराकडे पाहिलं.

छत्री ठेवायला मास्तरांनी खुंटीकडे हात नेला. खुंटीला आधीच एक छत्री होती. तिच्या एका काडीला पांढरा दोरा बांधलेला होता, आणि टोकाला नदीची वाळू होती.

मागे तांब्या दगडावर ठेवल्याचा आवाज झाला.

मग कुणीतरी, घाई न करता, शेवटचं अक्षर किंचित लांबवून हाक मारली.

"शीलाऽ."

"हजर," मुलगी म्हणाली, आणि उठली.