साडेपाचचा टेम्पो

"हिला सलाईन लावू का?" पालकाची जुडी हातात धरून तिने विचारलं.

जुडीने केव्हाच मान टाकली होती. टेम्पोतल्या मालावर पाणी शिंपडणारा भाजीवाला थांबला. समोर दवाखान्याचा पांढरा कोट, खांद्याला पिशवी आणि डोळे असे, की त्याला खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"उपयोग नाही," तो म्हणाला. "पेशंट दुपारीच गेला."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला.

ती वस्तीतल्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर गरोदर बायकांना सांगायची, ताज्या पालेभाज्या खा. आणि त्या 'हो सिस्टर' म्हणून घरी जायच्या नि बटाटे शिजवायच्या. आता तिच्या स्वतःच्या वहिनीला सहावा महिना लागला होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ, म्हणजे काळजीचंच. तेव्हा कुठे बाई स्वतः भाजी घ्यायला बाहेर पडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच! वस्तीत दुकानं चार, आणि चारही दुकानांच्या दारात चिप्सच्या पाकिटांच्या माळा. हिरवं पान यायचं ते फक्त या टेम्पोतून, तेही संध्याकाळी सहाला, टेकडीवरच्या कॉलनीने दिवसभर निवडून-चिवडून झाल्यावर.

तिने त्याचं नाव शिळेराव ठेवलं. आठवड्याभरात सगळी गल्ली तेच म्हणू लागली, आणि तोही निमूटपणे ओ देऊ लागला. ती रोज संध्याकाळी भांडायला जायची. तोही रोज एक नवं उत्तर तयार ठेवायचा, आणि हिशेब करताना सुटे पैसे शोधायला उगाच वेळ लावायचा. सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणायची. एकटा तोच कटाक्षाने 'अहो'वर भागवायचा.

"वन्सं, एक लिंबू आणायला अर्धा तास लागतो का हो?" वहिनीने एकदा विचारलं. तिने लिंबू धुवायला घेतलं. चांगलं चार वेळा धुतलं.

एका संध्याकाळी त्याने सीटखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी काढली. पानं गर्द, टवटवीत, बोट लागताच करकरणारी.

"सकाळीच काढून ठेवली," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुमच्यासाठी…"

तिचे कान तापले. हात पुढे झालासुद्धा. तेवढ्यात शेजारच्या बाईकडे तिचं लक्ष गेलं. आठवा महिना, तिच्याच रजिस्टरमधली, आणि पिवळ्या कोथिंबिरीतून बरी पानं शोधत होती.

"मला एकटीला नको," ती म्हणाली. जुडी त्या बाईच्या पिशवीत टाकून ती तडक घरी गेली आणि वहिनीवर विनाकारण चिडली. पालक घरात हवा होता, आणि देणाराही आवडला होता. दोन्ही आपल्याच हाताने परत केल्यावर माणसाने चिडायचं तरी कुणावर?

दोन दिवसांनी त्याने तिला टेम्पोचं मागचं दार उघडून दाखवलं. जे शेवटी विकायचं ते आधी भरायचं, अशी रीत. म्हणजे वस्तीचे क्रेट पहाटेपासून तळाशी, आणि वर कॉलनीच्या क्रेटांचा डोंगर. वाटेतच भाजीचा चेंदामेंदा. टेम्पो त्याच्या मामांचा होता, आणि खालच्या वस्तीत ताजं कोणी घेत नाही, हे मामांचं ठाम मत होतं.

"ताजं दाखवलंय कधी त्यांना?" तिने विचारलं. "उलटा भरा की टेम्पो. आधी इथे या, मग वर जा."

त्याने मामांपुढे विषय काढला. मामा आधी हसले, मग भाचा हसत नाही हे पाहून गंभीर झाले. एक आठवडा दिला. तेवढ्यात वस्तीत अर्धा टेम्पो रिकामा झाला नाही, तर जुनाच रस्ता, आणि पुन्हा हा विषय नाही.

सोमवारी सकाळी सातला टेम्पो आला. दवाखान्याच्या फळ्यावर तिनेच वेळ लिहिली होती, बायकांना तोंडीही सांगितली होती. भाजीवरचं दव अजून वाळलं नव्हतं, आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

पावणेआठला वहिनी दारात आली आणि म्हणाली, शिवणकारखान्याची बस सहाला जाते, हे वन्संना ठाऊक नाही होय? साडेसातला उठणाऱ्या वन्संना कसं ठाऊक असणार! आणि बायकांनी सांगितलं का नाही? सिस्टर सांगतात ते ऐकून मान डोलवायची, गोळ्यांच्या वेळेला डोलवतात तशी, हीच त्यांची सवय.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "जगाला शहाणपण शिकवते मी, आणि…"

तो फूटपाथवर बसून गाजर खात होता. त्याने दुसरं गाजर पुसून तिच्यापुढे धरलं. "उद्या साडेपाचला येतो."

"साडेपाचला? मग उठणार कधी?"

"तीनला."

"भाजीसाठी तीनला उठणार?"

"भाजीसाठी मी आजवर चारच्या आधी उठलेलो नाही," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने तिच्याकडे नीट बघितलं. तिला गाजर चावायचं सुचेना.

मंगळवारी साडेपाचला ती केस न विंचरताच खाली उभी होती. बायका आल्या, आधी चार, मग चाळीस. पानं नाकाशी नेऊन हुंगत होत्या, हक्काने भाव पाडत होत्या. शनिवारी मामा स्वतः आले. हात मागे बांधून बघत राहिले, आणि गर्दी वाढली तसे मुकाट्याने वजनकाट्याशी जाऊन उभे राहिले. वरच्या कॉलनीतून तक्रारी आल्या. दोन बायकांनी भाजी बंद केली. बाकीच्यांना कळलं, की सातलाही पालक तितकाच जिवंत असतो.

महिन्याने वहिनीचं रक्त साडेनऊ भरलं. रिपोर्ट तिने तीनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी रविवार, कारखान्याला सुट्टी, सगळी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर. उरलेला माल घेऊन टेम्पो वर निघाला, तेव्हा तिने पुढचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. गल्लीभर माना वळल्या.

"लोक बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत. मला तुझ्याशी लग्न करायचंय. कधी ना कधी कळणारच त्यांना."

गाडी गचका खाऊन बंद पडली. रोज उत्तरं तयार ठेवणारा माणूस, पण आता चावीसुद्धा धड फिरेना. मागून कोणीतरी धक्का मारू का, असं विचारलं.

"उद्या…" तो कसाबसा म्हणाला, "उद्या साडेपाच?"

"रोज साडेपाच," ती म्हणाली.