कोंड्यासकट वॉफल

महूहून इंदूरला येणाऱ्या गाडीत कुमुदिनीच्या पिशवीतून एक लोखंडी साचा निसटला आणि समोर बसलेल्या तरुणाच्या पायावर आदळला. तो कळवळला, पण साचा उचलून उघडून बघितला आणि पाय विसरला.

"वॉफलचा साचा! तुमच्याकडे कसा?"

माफी मागायची राहूनच गेली. कुमुदिनीनं सांगितलं, की महूची मैत्रीण इंदुमती, तिच्या शेजारचं गोरं कुटुंब विलायतेला परत जाताना हा ठेवून गेलं. इंदुमतीला त्याचं काय करायचं कळेना, म्हणून तो आपल्या गळ्यात पडला. मग त्यानंही सांगितलं. नाव शरच्चंद्र, ग्वाल्हेरचा, मध्यभारत सरकारच्या सचिवालयात कारकून. राजधानी उन्हाळ्या-पावसाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फायलींबरोबर तोही हलायचा. इथे असला की महूला काकांकडे राहायचा. काका लष्करी मेसमध्ये नोकरीला होते, आणि तिथल्या खानसाम्याच्या हातचं वॉफल त्यानं खाल्लं होतं. मैद्याचं, खुसखुशीत, वर साखरेचा पाक...

"मैदा आणि साखर, दोन्ही आमच्याकडे बंद," कुमुदिनी म्हणाली. "अण्णांना मधुमेह आहे."

"मग कणकेचं करून बघा. कोंड्यासकट. बिघडलं तर सांगा मला — संध्याकाळच्या गाडीला रोज स्टेशनवर असतो मी."

कुमुदिनीचं घर स्नेहलतागंजमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. आई गेल्यापासून घरात ती आणि वडील, म्हणजे अण्णा, दोघंच. सकाळी स्वयंपाक उरकून ती मुलींच्या शाळेत शिकवायला जाई. अण्णांचं नाव दत्तोपंत, इंदूरच्या होळकर दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पथ्याची भाकरी ते अर्धीच खात आणि उठत. त्या अर्ध्या भाकरीकडे बघवत नसे तिला.

पहिलं वॉफल साच्याला चिकटून फाटलं. ती स्टेशनवर गेली. दुसऱ्या दिवशी तो खानसाम्याला विचारून आला.

"कोंडा पाणी पितो, म्हणून पीठ ताकात तासभर भिजू द्यायचं. साचा चांगला तापवायचा, तेल लावायचं. आणि वाफ थांबेपर्यंत उघडायचा नाही."

"थांबली हे कळणार कसं?"

"बघत बसायचं," तो म्हणाला. तो बघत मात्र तिच्याकडे होता... कुमुदिनीनं पदर उगीचच सारखा केला.

चौथ्या खेपेला जमलं. निम्मी कणीक, निम्मं ज्वारीचं पीठ, ताक, जिरं, चिरलेली मेथी, चिमूटभर सोडा. शेगडीवर दोन्ही बाजू उलटून भाजलेलं, बाहेरून कुरकुरीत. अण्णांनी एक संपवलं आणि विचारलं, "अजून आहे?" ती पटकन स्वयंपाकघरात गेली. डोळे भरून आले होते.

शिकवणाऱ्याला अण्णांनी रविवारी बोलावलं. मग तो दर रविवारी येऊ लागला.

दिवाळी जवळ आली. सचिवालयातल्या फायली खोक्यांत जाऊ लागल्या. एका संध्याकाळी फलाटावर शरच्चंद्रनं विचारलं, "लग्न करून माझ्याबरोबर ग्वाल्हेरला याल?"

तिला हो म्हणायचं होतं. "अण्णांना कोण बघेल?" एवढंच ती म्हणू शकली. याच कारणानं तिनं तीन स्थळं परत पाठवली होती.

तो हुज्जत घालत बसला नाही. "तुम्ही माझ्या मनातून जाणार नाही," तो हळूच म्हणाला, "पण पुन्हा विचारून त्रासही देणार नाही."

त्या रविवारी तो आला नाही. कुमुदिनीनं त्या दिवशी पीठ भिजवलंच नाही.

पुढच्या शनिवारी ती शाळेतून परतली, तर घरभर भाजक्या मेथीचा वास. शेगडीपुढे अण्णा, धोतराला पिठाचे डाग, बोट भाजलेलं, आणि ताटलीत चार वॉफलं.

"तुझ्या शरच्चंद्रला मीच स्टेशनवर गाठलं," ते म्हणाले. "का येत नाही, ते काढून घेतलं. मग शिकव म्हणून मागे लागलो. बिचारा नको म्हणत होता, तुला न सांगता कसं म्हणून. आठवडाभर रोज दुपारी ऑफिसच्या मधल्या सुट्टीत यायचा. आता भाकरीपण येते मला. गोल नाही, पण येते." त्यांनी ताटली तिच्यापुढे सरकवली. "कुमू, माझं आजारपण तू सांभाळलंस. आता त्यालाच तुझा संसार करून बसू नकोस, बेटा."

ती अण्णांच्या पायाशी बसून खूप रडली. मग तोंड धुऊन स्टेशनवर गेली.

महूची गाडी उभी होती. शरच्चंद्र दाराशी होता. तिला बघून तो खाली उतरला.

"माझ्या माघारी माझ्या घरात शाळा भरवलीत," ती म्हणाली.

"रागावलात?"

"खूप." तिचा आवाज मात्र रागाचा नव्हता. "तो प्रश्न... पुन्हा विचारणार नाही म्हणाला होतात ना?"

"शब्द दिलाय."

"मग मीच विचारते." तिनं श्वास घेतला. "तुमचं ऑफिस ग्वाल्हेरला असेल तेव्हा मी तिथे. इंदूरला असेल तेव्हा आपण दोघं अण्णांजवळ — चालेल तुम्हाला?"

शिटी झाली. डबे हलले, एकेक करून दोघांसमोरून निघून गेले. शरच्चंद्र जागचा हलला नाही.

"चालेल," तो म्हणाला, आणि भर फलाटावर तिचा हात हातात घेतला.