भिंतीकडची बाजू

चंद्रावरच्या त्या वसाहतीत मातीला बंदी होती. कुंडीभर मातीसुद्धा घरात आणता येत नसे. तिच्यातल्या बुरशीनं हवा गाळणाऱ्या चाळण्या एकदा बुजवल्या, की चारशे माणसांचा श्वास अडकणार! पण हौस काही कायदा वाचून गप्प बसत नाही, म्हणून लोक कुंड्या चित्रात काढून घेत. प्रत्येकाच्या बुबुळावर दृष्टिपट बसवलेला असे, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा. संगणकावर काढलेली वस्तू घरात ज्या जागी नेमून द्यावी, तिथं ती या पडद्यामुळे दिसे.

शाल्मली चितारीचा हाच व्यवसाय होता. लोकांना खिडक्या, देव्हारे, झोपाळे काढून द्यायचे. पण गेला आठवडाभर ती एकाच कुंडीवर अडली होती, आणि तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

कुंडी आईसाठी होती. वडील सावंतवाडीला फुफ्फुसाच्या आजारानं गेले, तेव्हा शाल्मली इथं होती. यान मिळून ती घरी पोचेपर्यंत तेरावंही उरकलं होतं. मग मन खाऊ लागलं म्हणून ती आईला, इंदूताईंना, सोबत घेऊन आली. आता आठ महिन्यांनी इंदूताई दिवसाला दोन घास खात होत्या. हाडं इथल्या हलक्या ओढीत इतकी ठिसूळ झाली होती, की परतीचा प्रवास झेपला नसता. काय हवंय म्हणून विचारलं, की त्या एकच सांगत. फणसाच्या लाकडाची कुंडी, तुझ्या बापानं केलेली, अबोलीची.

शाल्मलीनं आधी एक चौकट आखली. तिच्यावर तपकिरी रंगाचा थर, त्यावर रेषांचा थर, मग उजेड आणि सावलीचा. थर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच. फळ्या जुळवल्या, कडा गोल केल्या, अबोली लावली. कुंडी इतकी देखणी झाली की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

इंदूताईंनी एकदाच पाहिलं. "ह्यां चित्र हा," त्या म्हणाल्या. "बरा हा. पण चित्र."

ताट तसंच परत गेलं. शाल्मलीनं तडक डॉ. तोरण्यांचं दार गाठलं. डॉक्टर वसाहतीचे मेंदूतज्ज्ञ होते आणि समजावून सांगण्याची त्यांना भारी हौस.

"तुझी चूक सांगू? त्या कुंडीत एकही चूक नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मेंदू डोळ्यांवर फारसा विसंबत नाही, बाई. थोडं बघतो आणि बाकीचं स्वतःच्या साठ्यातून भरतो. वास, खरखर, वजन, सगळं. आम्ही याला पूर्ती म्हणतो. पण त्यासाठी त्याला आधी एक खूण पटावी लागते. असली खोट, की जी मुद्दाम कुणी काढणार नाही. ती सापडली की तो उरलेली वस्तू आपणच तयार करतो."

"आणि ती खरी असते?"

"तुझ्या आईपुरती खरीच. मात्र तो काय काय भरेल, हे आपल्या हातात नसतं. तेवढं ध्यानात ठेव."

नेमकं तेवढंच शाल्मलीच्या ध्यानात राहिलं नाही. घरी येईपर्यंत तिला वडिलांचा रंधा आठवला होता. मागची फळी ते कधी तासत नसत. भिंतीकडची बाजू कोण बघणार, म्हणत. तिनं कुंडीची मागची बाजू ओबडधोबड केली, कडेला लाकडाची कुसळासारखी तुसं रेखली आणि कुंडी किंचित तिरकी ठेवली.

इंदूताई उठून जवळ गेल्या. रिकाम्या हवेत त्यांनी हात मागं घातला आणि बोटं फिरवली. "गो, मागसून रंधो मारूकच नाय मेल्यान," त्या म्हणाल्या आणि कितीतरी महिन्यांनी हसल्या. "वास येता बघ फणसाचो." त्या दिवशी त्यांनी भात मागून घेतला. शाल्मली स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडली.

तीन आठवडे सुखात गेले. मग एका सकाळी आईचं बोट सुजलं. लालभडक, ठणकणारं.

"कुसळ गेला बोटात. काढ गो बाय."

बोटात काहीच नव्हतं. शाल्मली घाबरून संगणकाकडे धावली आणि कुंडीच्या कडेची सगळी तुसं तिनं पुसून टाकली. ठणका तसाच राहिला. आई कळवळत होती. काही सुचेना तेव्हा शाल्मली संगणकावरच ओरडली, "कुसळ काढ!"

तिचा चित्रं काढायचा संगणक तोंडी हुकूमही पाळायचा. पण त्याच्या भाषेत मिटवण्याला 'पूस' म्हणायचं आणि 'काढ' म्हणजे चित्र काढायचं. नेहमी वापरणाऱ्या शाल्मलीलाही घाईत ते सुधरलं नाही. त्यानं बिनतक्रार इंदूताईंच्या बोटावर एक कुसळ काढलं.

"हां, आता दिसला! ओढ," आई म्हणाली.

शाल्मलीनं चिमटा धरला आणि दुसऱ्या हातानं चित्रातलं कुसळ हळूहळू बाहेर सरकवलं. जेवणाच्या वेळेपर्यंत सूज उतरली.

डॉ. तोरणे हे ऐकून खूश होतील असं तिला वाटलं होतं. ते खुर्चीत मागं टेकले. "हे थांबव," ते म्हणाले. "रोज थोडी पुसट कर ती कुंडी. तू कुसळ टोचलं नव्हतंस, तरी टोचलं. तिला जे जे ठाऊक आहे, ते सगळं मेंदू आत आणणार. नुसतं चांगलं तेवढंच नव्हे."

"आणि ती परत जेवायची थांबली तर?"

शाल्मलीनं कुंडीला हात लावला नाही.

इंदूताई मात्र सगळं समजून होत्या. बोट बरं झालं त्याच आठवड्यात त्यांनी ताट बाजूला सारलं. "तुका सगळा जमता," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या बापाशीक काढ."

शाल्मलीनं दोन दिवस टाळलं. दोन्ही दिवस ताट भरलेलं परत आलं. तिसऱ्या दिवशी ती संगणकापुढे बसली. तिनं फक्त वडिलांचा बसलेला आकार घेतला, आणि करवतीनं अर्धा गेलेला डावा अंगठा अगदी हुबेहूब काढला. चेहरा अजून धूसर होता. सदऱ्याला रंगही दिला नव्हता.

"इलंस?" इंदूताई त्या आकृतीला म्हणाल्या. त्यांनी समोर स्टूल ओढलं, हवेतला तो हात हातात घेतला आणि पोटभर जेवल्या. शाल्मलीला सुटल्यासारखं झालं.

ते समाधान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. मग आईनं घास ताटात ठेवला आणि ती कान देऊन ऐकू लागली.

"काय झालं, आई?"

"खोकता हा गो तो."

शाल्मलीनं पाहिलं. आकृती होती तशीच होती, निश्चल, ओठ नीट न काढलेले. खोलीत हवा फिरवणाऱ्या पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. इंदूताई रिकाम्या जागेवरून पाठ चोळावी तसा हात फिरवत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत शाल्मलीनं पूर्वी कधी न पाहिलेली भीती होती. वडील गेले तेव्हा ती भीती पाहायला शाल्मली सावंतवाडीला नव्हतीच.

"पुसते मी त्यांना, आई," ती कशीबशी म्हणाली.

"पुसतंस?" आईनं वळून तिच्याकडे पाहिलं. "जीव हा त्याच्यात अजून. ह्या खेपेक तरी वेळार डॉक्टराक बोलव."